शरीराची दर्शनी हुंडी

पेढीवर हुंडी आली की जुना मुनीम सर्वप्रथम एकच गोष्ट पाहत असे : हुंडी दर्शनी आहे की मुदती. दर्शनी हुंडी समोर आली, अक्षर आणि सही ओळखीची निघाली, की तिचे पैसे तेथल्या तेथे चुकते करावे लागत. मुदती हुंडीचे तसे नसे. ती सकारली जाई, वहीत तिची नोंद होई आणि ठरलेले दिवस उलटल्यावरच रक्कम हाती पडे. दोन्ही हुंड्या खऱ्या आणि दोन्हींमागे पत एकाच पेढीची. एकीचे काम गल्ल्यावर उरके, तर दुसरीचे आतल्या खोलीत, खतावणीपाशी. गल्ल्यावरचा व्यवहार क्षणात होतो म्हणून तो किरकोळ, असे कोणताही जाणता व्यापारी कधी मानत नसे.

मानवी शरीराचा कारभार असाच अनेक शाखांच्या पेढीसारखा चालतो. ग्रंथीने संदेश लिहावा, रक्ताने तो वाहून न्यावा आणि दूरवरच्या पेशीने तो सकारावा, अशी ही व्यवस्था आहे. या संदेशांना संप्रेरके म्हणतात. त्यांपैकी स्टेरॉइड जातीची संप्रेरके ही केवळ मुदती हुंडी आहेत, अशी समजूत शास्त्रज्ञांमध्ये दीर्घकाळ रूढ होती. त्याच हुंडीचा काही भाग दर्शनी असतो आणि पेशीच्या उंबरठ्यावरच त्याचा भरणा होतो, हे मान्य व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली. हा विलंब का झाला, सत्य कसे बाहेर आले आणि घरातील आई, पत्नी, बहीण यांच्या आरोग्याशी त्याचा काय संबंध आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

'स्टेरॉइड' हा शब्द कानी पडला की व्यायामशाळेत चोरून घेतली जाणारी इंजेक्शने डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः स्टेरॉइड हे एका मोठ्या, प्रतिष्ठित कुटुंबाचे आडनाव आहे. मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन बनवतात. बीजांडकोश इस्ट्रॅडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन बनवतात, तर वृषणे टेस्टोस्टेरॉन बनवतात. या सर्वांचा कच्चा माल एकच, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. रक्ततपासणीच्या अहवालात ज्याचे नाव वाचून माणसे धास्तावतात, त्याच पदार्थाच्या भांडवलावर हा सारा कारखाना उभा आहे. 'ड' जीवनसत्त्वाचे शरीरात कार्यरत होणारे रूपही याच घराण्यातील आहे.

ही संप्रेरके स्निग्ध स्वभावाची असतात. पेशीभोवतीचे आवरण, म्हणजे पेशीपटल, हेदेखील मुख्यतः स्निग्ध पदार्थांचेच बनलेले असते. म्हणून जेथे इन्सुलिनसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या संप्रेरकाला दाराशीच थांबून आत निरोप पाठवावा लागतो, तेथे स्टेरॉइड संप्रेरक थेट घरात शिरू शकते. आत त्याच्यासाठी खास घडवलेले एक प्रथिन वाट पाहत असते. त्याला ग्राही म्हणतात. संप्रेरक आणि ग्राही यांची जोडी जमली की ती पेशीच्या केंद्रकात जनुकांवर जाऊन बसते. ठरावीक जनुकांचे काम सुरू होते, त्यांच्या नकला निघतात, त्या नकलांवरून नवी प्रथिने तयार होतात आणि मग पेशीचे वागणे बदलते. या साऱ्याला अर्ध्या-पाऊण तासापासून कित्येक तास, क्वचित दिवसही लागतात. हीच ती मुदती हुंडी.

या चित्राचा पाया अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी घातला. १९५८ च्या सुमारास त्यांनी किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावलेले इस्ट्रॅडिऑल वापरून त्याचा शरीरातील प्रवास तपासला. इस्ट्रोजेन पेशीत जाऊन रासायनिक क्रियांत भाग घेते आणि त्यात त्याचे रूपांतर होते, अशी त्या काळची समजूत होती. जेन्सन यांना मात्र गर्भाशयात इस्ट्रॅडिऑल जसेच्या तसे सापडले. त्याला धरून ठेवणारा कोणीतरी आत होता. तो 'कोणीतरी' म्हणजेच इस्ट्रोजेनचा ग्राही. या शोधाचे फळ मोठे होते. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत हा ग्राही आहे की नाही, याची तपासणी करून संप्रेरकरोधक उपचार लागू पडेल का, हे ठरवण्याची पद्धत त्यातूनच रुजली. आजही अशा प्रत्येक रुग्णेच्या अहवालात ती ओळ असते. २००४ साली जेन्सन यांना पिएर शांबों आणि रोनाल्ड इव्हान्स यांच्यासह वैद्यकशास्त्रातील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

इतके उपयुक्त आणि सुसंगत चित्र हाती आल्यावर त्यात न बसणाऱ्या गोष्टींकडे कोणाचे लक्ष जाणार? आणि तरीही अशा गोष्टी पुढे येत होत्या.

सर्वांत जुनी गोष्ट १९४१ ची. कॅनडातील माँट्रियल येथे काम करणारे हंगेरियन वंशाचे शास्त्रज्ञ हान्स सेली यांना दिसले की प्रोजेस्टेरॉन मोठ्या मात्रेत दिले असता प्राणी अल्पावधीत गुंगीत जातात. जनुके जागी होऊन नवी प्रथिने बनेपर्यंत गुंगी थांबत नव्हती. हा परिणाम वेगळ्याच वाटेने होत असला पाहिजे, हे उघड होते. पण त्या काळी ग्राहीच ठाऊक नव्हते, त्यामुळे ही नोंद तशीच राहिली.

दुसरी गोष्ट १९६७ ची आणि तिच्या केंद्रस्थानी क्लारा सेगो या विदुषी आहेत. हंगेरीत जन्मलेल्या आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करणाऱ्या सेगो यांनी जून डेव्हिस यांच्यासह एक निरीक्षण प्रसिद्ध केले. इस्ट्रॅडिऑल दिल्यानंतर उंदराच्या गर्भाशयात चक्रीय एएमपी या रसायनाचे प्रमाण अवघ्या १५ सेकंदांत वाढते, असे ते निरीक्षण होते. चक्रीय एएमपी म्हणजे पेशीच्या दाराशी आलेला निरोप आत धावत नेणारा हरकाऱ्या. त्याच्या शोधाबद्दल अर्ल सदरलँड यांना पुढे १९७१ साली नोबेल पुरस्कार मिळाला. हा हरकाऱ्या ॲड्रेनलिनसारख्या दाराशी थांबणाऱ्या संप्रेरकांचा, अशी वाटणी जवळजवळ ठरून गेली होती. घरात थेट शिरणाऱ्या इस्ट्रोजेनला त्याची गरज काय? आणि १५ सेकंदांत तर खतावणीचे पान उघडूनही होत नाही.

सेगो थांबल्या नाहीत. १९७७ साली रिचर्ड पीट्रास यांच्यासह त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पुढचा पुरावा मांडला. नायलॉनच्या धाग्यांना त्यांनी इस्ट्रॅडिऑल पक्के बांधून टाकले. धागा पेशीत शिरू शकत नाही, म्हणजे त्याला बांधलेले संप्रेरकही आत जाऊ शकत नाही. असे असूनही गर्भाशयाच्या अस्तरातील पेशी त्या धाग्यांना चिकटून बसल्या. याचा सरळ अर्थ असा की इस्ट्रॅडिऑलला ओळखणारे काहीतरी पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच असले पाहिजे.

तिसरा पुरावा बेडकाच्या अंड्यांचा. बेडकाचे अपक्व अंडे प्रोजेस्टेरॉनच्या स्पर्शाने परिपक्व होऊ लागते. १९७१ साली स्मिथ आणि एकर या अमेरिकन संशोधकांनी दाखवले की प्रोजेस्टेरॉन अंड्याच्या बाहेर ठेवले तर ते काम करते, पण तेच सुईने अंड्याच्या आत सोडले तर काहीच घडत नाही. जुन्या चित्राप्रमाणे याच्या नेमके उलट व्हायला हवे होते. आतच काम असणाऱ्याला आत नेऊन सोडले तर काम लवकर व्हावे. येथे तर दारावर थाप दिल्याशिवाय घर जागेच होत नव्हते.

एवढे पुरावे असूनही बहुसंख्य शास्त्रज्ञ साशंक राहिले आणि त्यांच्या शंकेला केवळ दुराग्रह म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रथिनाला किंवा धाग्याला बांधलेले संप्रेरक थोडे जरी सुटले तरी ते मुक्तपणे आत शिरून नेहमीच्याच वाटेने काम करू शकते. पेशीपटल वेगळे काढताना केंद्रकातील ग्राही त्यात मिसळण्याचीही शक्यता असते. शिवाय सर्वांत अवघड प्रश्न असा होता की पटलावरील हा ग्राही आहे तरी कोण? १९८५ ते १९८६ या काळात कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांच्या आणि इस्ट्रोजेनच्या ग्राहींची जनुके हाती आली, त्यांची संपूर्ण रचना वाचता आली. पेशीपटलात रुतून राहणाऱ्या प्रथिनांना सहसा जी स्निग्धप्रिय, पटलाला आरपार छेदणारी रचना असते, ती यांच्यात कोठेच दिसत नव्हती. दाराशी बसण्यासाठी ज्याला बैठकच नाही, तो दाराशी बसतो हे कोण मान्य करणार? हिशेबात एक रुपयाचा फरक राहिला तर तो शोधावाच लागतो, आणि तो सापडेपर्यंत ताळेबंदावर सही होत नाही. शास्त्रज्ञांनीही सही रोखून धरली, इतकेच.

फरक सापडू लागला तो १९९० च्या दशकात. १९९६ साली इटलीतील नेपल्स येथील मिलियाचिओ आणि औरिक्किओ यांच्या गटाने दाखवले की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत इस्ट्रॅडिऑल काही मिनिटांतच 'सार्क' नावाचे विकर जागे करते. हे विकर पेशीपटलाच्या आतल्या अंगाला राहते आणि पेशीच्या वाढीचे निरोप पुढे पाठवते. मग १९९९ साली कॅलिफोर्नियातील महनाझ राझांदी, एलिस लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निर्णायक प्रयोग केला. ज्या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राही मुळीच नसतो अशा पेशी त्यांनी घेतल्या आणि त्यांच्यात या ग्राहीचे केवळ एकच जनुक घातले. काही काळाने पाहिले तर ग्राही केंद्रकातही होता आणि पेशीपटलावरही. म्हणजे दाराशी बसणारा आणि आतल्या खोलीत बसणारा हे दोन वेगवेगळे इसम नव्हते. एकाच जनुकातून निघालेले तेच प्रथिन दोन ठिकाणी कामावर होते. पटलावरचा त्याचा वाटा अल्प, अंदाजे शेकडा पाच ते दहा, म्हणूनच तो इतकी वर्षे नजरेतून निसटला होता.

बैठकीचे कोडेही लवकरच सुटले. माणसातील इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राही ५९५ अमिनो आम्लांची साखळी आहे. या साखळीत ४४७ व्या स्थानावर सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल असते. पेशीतील विशिष्ट विकरे या सिस्टीनला पामिटिक आम्लाची शेपटी जोडतात. पामिटिक आम्ल म्हणजे १६ कार्बन अणूंचे साधे स्निग्धाम्ल. पामतेलाच्या नावातच ते आहे आणि घरच्या तुपातही ते असते. ही स्निग्ध शेपटी पेशीच्या स्निग्ध पटलात खुंटीसारखी रुतते आणि ग्राहीला तेथे बसता येते. ज्या बैठकीच्या अभावी दोन पिढ्यांनी शंका घेतली, ती बैठक ग्राहीच्या मूळ बांध्यात नव्हतीच. ती मागाहून, कामाच्या गरजेनुसार जोडली जात होती.

या दर्शनी हुंडीचा भरणा नेमका कसा होतो, हे रक्तवाहिनीच्या उदाहरणावरून उत्तम कळते. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एक पातळ अस्तर असते. त्या पेशींच्या पटलावर लहान लहान खळगे असतात आणि त्या खळग्यांत इस्ट्रोजेनचा ग्राही आपल्या सहकाऱ्यांसह बसलेला असतो. रक्तातून इस्ट्रॅडिऑल आले की ग्राही शेजारच्या विकराला जागे करतो. ते विकर पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला, अशी साखळी सुरू होते. प्रत्येक टप्प्यावर मागचा पुढच्याच्या अंगावर फॉस्फेटचा शिक्का मारतो आणि शिक्का बसला की पुढचा कामाला लागतो. साखळीच्या शेवटी नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकरावर, त्याच्या ११७७ क्रमांकाच्या अमिनो आम्लावर, असा शिक्का बसतो. नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे. तो अस्तरातून शेजारच्या स्नायूत झिरपतो, स्नायू सैल होतो, रक्तवाहिनी रुंदावते आणि रक्ताला वाट मोकळी होते. या वायूच्या शरीरातील कार्याचा उलगडा करणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना १९९८ चे नोबेल मिळाले होते. हे सारे काही मिनिटांत आटोपते. या अवधीत एकाही जनुकाची नक्कल निघालेली नसते आणि एकही नवे प्रथिन तयार झालेले नसते.

मग दोन्ही कारभारांत मोठा कोणता? याचे उत्तर उंदरांवरील तीन प्रयोगांनी दिले. २००९ साली लेविन यांच्या गटाने असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राही केवळ पेशीपटलावर होता, केंद्रकात नव्हता. या माद्यांचे गर्भाशय वाढले नाही आणि त्यांना पिले झाली नाहीत. म्हणजे गल्ला उघडा, पण खतावणी बंद. २०१४ साली त्याच गटाने आणि स्वतंत्रपणे फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांनी नेमके उलटे उंदीर तयार केले. त्यांनी शेपटी जोडण्याचे ते सिस्टीनच बदलून टाकले. ग्राही केंद्रकात होता, पटलावर मात्र बसू शकत नव्हता. याही माद्या वांझ निघाल्या. तुलूझच्या प्रयोगात असे दिसले की गर्भाशय इस्ट्रोजेनला बहुतांशी नेहमीसारखा प्रतिसाद देते, परंतु रक्तवाहिनीच्या अस्तराला इस्ट्रोजेनमुळे मिळणारे नायट्रिक ऑक्साइडचे आणि जखम भरून काढण्याचे साहाय्य नाहीसे होते. दोन्ही दालने आवश्यक आहेत आणि प्रत्येक अवयव त्यांचा उपयोग वेगवेगळ्या प्रमाणात करतो, हा त्याचा अर्थ.

येथवरची कथा प्रयोगशाळेची वाटेल, पण तिचे टोक घराघरांत पोहोचते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन झपाट्याने कमी होते आणि पुढील वर्षांत तिच्या हृदयविकाराचा धोका वाढत जातो. तेव्हा गेलेले संप्रेरक गोळीने परत द्यावे, म्हणजे हृदयाचे रक्षण होईल, असा विचार अनेक वर्षे प्रचलित होता. तो तपासण्यासाठी अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही मोठी चाचणी झाली. तिच्या एका भागात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची गोळी दिली, तर काहींना औषधविरहित गोळी दिली. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाची ८, हृदयविकाराची ७, पक्षाघाताची ८ आणि फुप्फुसात गुठळी अडकण्याची ८ प्रकरणे अधिक आढळली. मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने आणि खुब्याचे अस्थिभंग ५ ने कमी झाले. जमा आणि नावे यांची बेरीज केली तेव्हा बाकी नावेच निघाली. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. वय आणि रजोनिवृत्तीला झालेला काळ यांनुसार हा हिशेब बदलतो, हे पुढील विश्लेषणांनी दाखवले.

साध्या गोळीतून इस्ट्रोजेन गेले की दोन्ही हुंड्या एकाच वेळी वटतात. रक्तवाहिनीला लाभ व्हावा म्हणून दिलेले संप्रेरक स्तनातील आणि गर्भाशयातील पेशींच्या जनुकांपर्यंतही पोहोचते. मग केवळ दर्शनी हुंडी वटेल आणि मुदती उघडणारच नाही, असे काही करता येईल काय? या प्रश्नावर इलिनॉय आणि टेक्सास येथील संशोधकांनी एक युक्ती योजली. त्यांनी इस्ट्रोजेन एका मोठ्या, फांद्या असलेल्या रेणूला जोडले. हा डोलारा केंद्रकात शिरू शकत नाही. २०१० साली त्यांनी प्रसिद्ध केले की उंदरांमध्ये अशा इस्ट्रोजेनने रक्तवाहिन्यांचे रक्षण झाले, परंतु गर्भाशयाची किंवा स्तनाच्या कर्करोगाची वाढ झाली नाही. हे औषध अद्याप दुकानात आलेले नाही. उंदरात साधले ते माणसात साधेलच असे नसते. तरीही दिशा निश्चित झाली आहे.

याच्या उलट उदाहरणही आहे. गर्भावस्थेत बाळाच्या यकृतात बनणारे इस्टेट्रॉल नावाचे इस्ट्रोजेन केंद्रकातील ग्राहीला जागे करते, पण पटलावरच्या ग्राहीला मात्र रोखते, असे २०१४ साली दिसून आले. २०२१ साली अमेरिकेत ते एका गर्भनिरोधक गोळीचा घटक म्हणून मान्य झाले. दोन दालनांच्या किल्ल्या वेगवेगळ्या असू शकतात, याचा हा प्रत्यक्ष दाखला होय.

इस्ट्रोजेनखेरीज इतर स्टेरॉइडांचीही दर्शनी खाती आता उघडकीस आली आहेत. परिपक्व शुक्रजंतूत जनुकांचे काम जवळपास बंद असते, तरी प्रोजेस्टेरॉनचा स्पर्श होताच त्याच्या शेपटीत कॅल्शियम शिरते आणि त्याची हालचाल बदलते. २०११ साली अमेरिका आणि जर्मनी येथील दोन गटांनी यामागचे कॅल्शियमचे दार एकाच वेळी दाखवून दिले. सेली यांनी १९४१ साली पाहिलेल्या गुंगीचेही रहस्य उलगडले. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे एक रसायन मेंदूतील पेशींच्या पटलावरील 'गाबा' ग्राहींना बळ देते आणि मन व मज्जातंतू शांत होतात. येथे ग्राही इस्ट्रोजेनच्या ग्राहीसारखा नाही, तो वेगळ्याच घराण्यातला आहे, पण व्यवहार दारावरचाच. बाळंतपणानंतर या रसायनाची पातळी एकाएकी कोसळते. हेच रसायन औषधरूपाने, ६० तासांच्या शिरेतील संथ धारेने देण्यास २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तर त्याच तत्त्वावरील १४ दिवसांच्या कॅप्सूल २०२३ साली मान्य झाल्या. दोन्ही बाळंतिणीच्या नैराश्यासाठी आहेत. ज्या नैराश्याला घरातील मंडळी 'नाटक' किंवा 'नाजूकपणा' म्हणून हिणवतात, त्याच्या मागे पेशीच्या दाराशी थांबलेला असा एखादा भरणा असू शकतो. सून गप्प गप्प राहू लागली, बाळाकडे पाहून रडू लागली, तर तिला उपदेशाची नव्हे, डॉक्टरांची गरज असते, एवढे तरी या संशोधनातून प्रत्येक घराने उचलावे.

रोजच्या औषधांतही हा भेद ध्यानी ठेवणे हिताचे आहे. दम्याच्या रुग्णाला रोज घ्यावयाचा स्टेरॉइडचा पंप दिला जातो. त्याचे मुख्य कार्य जनुकांच्या मार्गाने, श्वासनलिकेची सूज हळूहळू उतरवण्याचे असते. तो घेतल्यावर लगेच आराम वाटत नाही म्हणून 'याचा उपयोग नाही' असे ठरवून कित्येकजण तो बंद करतात आणि तत्काळ श्वास मोकळा करणाऱ्या दुसऱ्या पंपावरच विसंबतात. ही मुदती हुंडी मुदतीआधी फाडून टाकण्यासारखी चूक आहे. त्याचप्रमाणे दीर्घकाळ चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते. बाहेरून पुरवठा होत असल्याने अधिवृक्क ग्रंथींनी आपले काम मंदावलेले असते आणि त्यांना पुन्हा जागे व्हायला वेळ लागतो. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानेच. रजोनिवृत्तीच्या काळातील संप्रेरकांचा निर्णयही शेजारणीच्या अनुभवावरून किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशावरून होऊ नये. स्त्रीचे वय, तिच्या घराण्यातील आजार आणि तिचा त्रास किती, हे तिघे एका ताळेबंदात मांडूनच तो डॉक्टरांसह घ्यावा.

क्लारा सेगो यांनी १५ सेकंदांची नोंद केली तेव्हा ती खोडून काढण्यासारखा दोष त्या नोंदीत नव्हता. मात्र ती ज्या खात्यात मांडावी असे खातेच तेव्हाच्या वहीत नव्हते. जेन्सन यांनीही एके काळी रूढ समजुतीविरुद्धच नोंद केली होती आणि तीच पुढे नवी रूढ समजूत झाली. अखेर दोघांच्याही नोंदी खऱ्या ठरल्या, दोघांची खाती एकाच पेढीची निघाली. न जुळणारी नोंद खोडण्यापूर्वी वहीत एखादे पान कमी तर नाही ना, हे जुने मुनीम दिव्याच्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहत. शास्त्रज्ञांनीही अखेरीस तेच केले, आणि त्यांना पेशीच्या उंबरठ्यावर एक गल्ला सापडला. तो तेथे प्रारंभापासूनच उघडा होता.